जयराम तांडेलाची गाडी

“मी ‘सोड’ म्हटलंय काय दोरी सोडूची. इचार करूचो नाय. माज्या तोंडाकडे बघूचा नाय. सोडूची,” आबा म्हणाले.

“आणि ती आपसूकच हातातसून सुटली तर?”

“तर बरांच. गाडी थांबतली. वारो दोरीत आसता गो. दोरी सुटली काय वारो सुटलो. शीड फडफडात, नि गाडी गोठ्यातल्या म्हशीसारखी उभी रवात.”

मी मान हलवली. गाडी थांबली तर थांबली, पण ती धावत असताना दोरीला हिसका बसला, मी त्या फळीवरून उलटीपालटी झाले आणि कातळावर माझं डोकं आपटलं, तर उभ्या म्हशीचा मला काय उपयोग, हे मी विचारलं नाही. मी मुळात भित्री. पालीला भिते, विहिरीत वाकून बघायला भिते, एसटी घाटाला लागली की पुढच्या सीटचा दांडा धरून बसते. पण हातात काम असलं की भीती दिसत नाही, म्हणून मी वाकून दोऱ्या तपासत राहिले.

“आबा, चाकू द्या जरा.”

“कित्याक?”

“दोरीचा टोक सुटलाहा. कापतंय.”

त्यांनी कमरेचा चाकू काढून दिला. मी टोक कापलं, तांब्यातलं पाणी प्यायले, उरलेलं दोरीवर ओतलं आणि चाकू नि तांब्या बाजूच्या दगडी गडग्यावर ठेवले. आबा समुद्राकडे तोंड करून वारा बघत होते. त्यांनी पाहिलं नाही.

आबा म्हणजे माझे सासरे, जयराम कुबल. तेव्हा त्यांचं वय पासष्ट. चाळीस वर्षं त्यांनी शिडाच्या गलबतावर काढली, त्यातली बावीस तांडेल म्हणून. तांडेलानं म्हटलं वळायचं की गलबत वळतं, त्यानं म्हटलं थांबायचं की थांबतं. मग आमच्या बंदरात इंजिनं आली. एका पावसाळ्यात सगळी शिडं माळ्यावर गेली ती गेलीच. माझा नवरा शशी रत्नागिरीला इंजिनाच्या ट्रॉलरवर होता आणि त्याला शीड कसं बांधतात हेसुद्धा धड येत नव्हतं. आबा त्यावर काही बोलत नसत. फक्त रोज दुपारी घराच्या मागे चढून सड्यावर जात आणि वाऱ्यात उभे राहत.

सडा म्हणजे समुद्राला लागून असलेल्या डोंगराचा सपाट माथा. देवगडच्या बाजूला असे सडे जागोजागी आहेत. आमचा सडा मैलभर लांब, काळा कातळ, मधेमधे वाळलेल्या गवताचे पट्टे, सावलीला झाड एकच. पश्चिमेला सरळ कडा, खाली समुद्र. पूर्वेला आंब्याच्या बागांचा दगडी गडगा. या दोहोंच्या मधून जेमतेम शंभर पावलांची पट्टी, तीच वाट. बंदरावरच्या बायका मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन या वाटेनं एसटीच्या रस्त्याला जायच्या. उन्हाळ्यात कातळ असा तापे की टायरच्या चपलांतूनही चटके बसत. माझ्या सासूबाईंनी तीस वर्षं पाटी वाहिली. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांची मान उजवीकडे वळत नसे. हाक मारली की त्या अख्ख्या वळायच्या. आमच्या लग्नानंतर सहा महिन्यांनी त्या गेल्या.

त्यांचे दिवसवार झाले आणि आबांनी हातगाडी उलटी करून तिच्या चाकांना तेल घालायला घेतलं. “ह्यो इतको वारो फुकट जाता,” ते म्हणाले. “माज्या बायलेन पाटी डोक्यार वाह्यली नि वारो बाजूसून नुसतो बघीत रवलो. मी मेलो तांडेल, माका ह्या कधी सुचला नाय.”

पहिली गाडी म्हणजे त्या हातगाडीवर उभी केलेली डोलकाठी आणि जुनं शीड. ती वाऱ्याच्या पुढे धावली, वळली मात्र नाही, आणि सरळ गडग्यात घुसली. मग शाळेतल्या गुरुजींनी कुठल्याशा मासिकातून वाचून दाखवलं, की हॉलंडात चारशे वर्षांपूर्वी शिडाची भलीमोठी गाडी समुद्रकाठच्या वाळूवर माणसं घेऊन धावली होती. आणि आता परदेशात कोणी पंख्याची गाडी करतात, वारा पंखा फिरवतो, पंखा चाकं फिरवतो, आणि गाडी वाऱ्याच्या तोंडावर चालून जाते. आबांना हे आधी पटेना. वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाणारं त्यांनी आयुष्यात काही पाहिलं नव्हतं. पण माणूस असा की पटलं नाही तर करून बघणार. पत्र्याची पाती, सायकलची साखळी, दोन दातेरी चक्रं. दुसरी गाडी खरोखर वाऱ्याच्या उलट आठ पावलं गेली. आठव्या पावलाला पातं तुटून उडालं आणि पुंडलिक खवळेच्या पडवीत जाऊन पडलं. पुंडलिक आमचा शेजारी. त्याला पुढची दहा वर्षं पुरेल एवढा विषय मिळाला.

“पाणी वर चढणारी होडी कधी करतास, तांडेलानू?” तो विचारायचा.

तिसरी गाडी मात्र पाहत राहावी अशी होती. तीन चाकं, मोपेडची. पुढचं एक, ते सुकाणूच्या दांड्यानं वळायचं. मागची दोन लांबलचक आसावर, रुंद पाय फाकून उभं राहावं तशी, म्हणजे बाजूनं वारा आला तरी गाडी आडवी होऊ नये. मधे पाइपची चौकट, चौकटीवर डोलकाठी, आणि तिच्यावर मी शिवलेलं तिकोनी शीड. समुद्राच्या बाजूला एक फळी बाहेर काढलेली. तिच्यावर एका माणसानं वजनाला बसायचं आणि शिडाची दोरीही सांभाळायची. दोरीचे खुंटीला दोन वेढे द्यायचे आणि टोक हातात ठेवायचं. बांधायचं नाही. हे आबांनी मला वीस वेळा सांगितलं होतं.

तो माणूस म्हणजे मी. का, तर शीड मी शिवलं होतं. माझं माहेर तळेऱ्याचं. वडील आंब्याच्या पेट्यांचा ट्रक चालवायचे आणि मी लग्नाआधी ट्रकच्या ताडपत्र्या शिवायची. जाड कापड, जाड सुई, दोर, कड्या, यातलं मला सगळं येत होतं. आबांना सून आवडली ती त्यामुळेच. आणि आमचं वाजायचं तेही त्यामुळेच. मी या घरात आल्यावर पहिल्याच आठवड्यात परसात कपड्यांची दोरी बांधली. पावसाळ्याआधी ती काढायला आबा गेले तर अर्धा तास झटून शेवटी त्यांना चाकू लावावा लागला.

“ह्या काय बांदलंस? कपडे सुकत घालूचे होते काय वाघ बांदूचो होतो?”

“आमच्याकडे अशीच बांदतत. घाटात पेटी सुटली तर मागच्या गाडीर पडतली.”

“तुज्या बापाशीक गाठ बांदूक येता. सोडूक येणा नाय,” ते म्हणाले आणि हसले. मीही हसले होते.

तर तो वैशाखातला दिवस, दुपारचे चार. त्याआधी बारक्या वाऱ्यात आम्ही चार फेऱ्या मारल्या होत्या. गाडी माणसाच्या पावलानं चालायची आणि वाटेतल्या एकुलत्या झाडाशी, कुंभ्याच्या झाडाशी, दोरी सैल करून थांबायची. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बायका मासळीच्या चार पाट्या घेऊन येणार होत्या. आबांनी तसं सांगून ठेवलं होतं. भर वाऱ्यात एकदा धावून पाहिल्याशिवाय पाट्या चढवायच्या नाहीत, असं त्यांचं म्हणणं. त्या कुंभ्याच्या पुढे वाट बागेतून डावीकडे रस्त्याला वळत होती. आणि सरळ गेलं तर दोनशे पावलांवर चिऱ्याची खाण होती. कोकणात घरं बांधायला जांभा दगड कापतात, तिची. चौकोनी, उभ्या भिंतींची, तीस फूट खोल. तिला कठडा नव्हता. मी तिच्याकडे कधी बघायलासुद्धा गेले नव्हते.

“काय गो, भियालंस?” आबांनी विचारलं.

“नाय,” मी म्हटलं.

त्यांनी गाडी ढकलली आणि उडी मारून पुढे बसले. मी दोरी ओढली. शीड टम्म फुगलं, चौकट करकरली आणि आम्ही निघालो.

पहिली दोनशे पावलं मला कधी नव्हे तो आनंद झाला, हे कबूल करते. इंजिन नाही, बैल नाही, आवाज फक्त चाकांचा आणि वाऱ्याचा. उजवीकडे समुद्र चमकत होता. आबांचा सदरा पाठीवर फुगला होता. त्यांनी मान मागे टाकून एक आरोळी ठोकली, गलबतावर ठोकत तशी. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

मग त्यांची आरोळी मधेच तुटली. ते समुद्राकडे बघत होते. मीही पाहिलं. खाली पाण्यावर एक काळा पट्टा कड्याच्या दिशेनं सरकत येत होता. ढग नव्हता, सावली नव्हती. पाणीच काळं होत येत होतं.

“वारो येता,” आबा म्हणाले. अगदी शांतपणे. “मोठो. धरून बस. कुंभ्याकडे सोडूया.”

तो कड्यावरून चढून आला आणि आमच्यावर आदळला. गाडी जागच्या जागी उसळली. सायकलच्या वेगाची गाडी एसटीच्या वेगाची झाली आणि तरी वाढतच होती. माझ्या बाजूचं चाक कातळावरून उचललं जायचं, माझ्या वजनानं परत धाडकन खाली यायचं. दात वाजत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते कानाकडे जात होतं. कुंभ्याचं झाड समोर दिसलं, मोठं झालं.

“सोड!”

मी हात उघडले.

दोरी वेढ्यांतून वीतभर सरकली आणि थांबली. ताठ. शीड तसंच फुगलेलं. कुंभा बाजूनं निघून गेला.

“सोड गो! दोरी सोड!”

“सुटणा नाय, आबा!”

त्यांनी मागे वळून पाहिलं. खुंटीच्या मागे, फळीखालच्या पाइपला, दोरीचं टोक बांधलेलं होतं. माझ्या वडिलांची गाठ. दोन फास, वर पीळ, आणि त्यावर पाणी ओतलेलं, कारण सुती दोर ओला झाला की आवळतो. वडील प्रत्येक फेरीला ताडपत्रीवरच्या गाठीवर तांब्याभर पाणी ओतायचे. चार वाजता, आबा वारा बघत असताना, मी ती बांधली होती. हातातून दोरी निसटली तर आपण पडू, म्हणून. असावी बरी, म्हणून. भीतीनं. आणि ‘टोक सुटलंय’ म्हणून त्यांच्याच चाकूनं उरलेलं टोक कापलं होतं.

आबांनी गाठ पाहिली आणि मग माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. ते रागावले नाहीत. मला वाटतं, त्यांनी गाठ ओळखली.

“चाकू! चाकू खंय आसा?”

“गडग्यार,” मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं.

मी गाठीला नखं लावली. ती दगडाची झाली होती. शीड गाडी ओढत होतं, गाडी गाठ आवळत होती. आबांनी लाकडी ब्रेकवर पाय दिला. चाकाला घासून ठोकळ्यातून धूर निघाला, जळक्या लाकडाचा वास आला आणि ठोकळा फुटून मागे उडाला. उजवीकडे वळावं तर वीस पावलांवर कडा. डावीकडे वळावं तर वारा पाठीशी आणि समोर चिऱ्यांचा गडगा. आणि सरळ समोर जमीन एका रेषेत संपत होती. त्या रेषेपलीकडून खाणीतल्या छिन्न्यांचे आवाज येत होते. खाली माणसं काम करत होती. त्यांना काही ठाऊक नव्हतं.

“रत्ना. फुडे गवात दिसता?”

“व्हय.”

“मी म्हटलंय काय त्या गवतार उडी मार. मागे बघू नको.”

“आणि तुमी?”

“मी तांडेल. मी मागसून येतंय.”

“नाय, आबा, मी नाय—”

“आयक माजा!” ते ओरडले. तीन वर्षांत माझ्यावर पहिल्यांदा. “आता तरी आयक! मार!”

मी मारली. शूर होते म्हणून नव्हे. आता ‘सोड’ ऐकलं नाही त्याचं काय झालं हे डोळ्यांसमोर होतं म्हणून. खांद्यावर पडले, गवतातून गडगडत गेले, कोपराची सालटी निघाली. आणि थांबले तेव्हा पाहिलं. माझं वजन गेल्याबरोबर समुद्राकडचं चाक वर उचललं, आणखी वर उचललं, आणि आबांनी त्याच क्षणी सुकाणू वाऱ्याकडे झटक्यात वळवलं. अख्खी गाडी डाव्या अंगावर कोसळली. डोलकाठी मोडली. शीड कातळावर फरफटलं. गाडी घासत, ठिणग्या उडवत पुढे गेली, पुढे गेली, आणि थांबली.

मी धावले की रांगत गेले, आठवत नाही. गाडीचं पुढचं चाक अजून फिरत होतं. त्याच्यापासून खाणीची कड मोजून बारा पावलं होती. नंतर मोजली, मीच. आबा पाइपखाली होते. डावा पाय गुडघ्याखाली दिसू नये तिकडे वळला होता. धोतर लाल झालं होतं. डोळे मात्र उघडे होते.

“आबा! आबा, थांबा, मी माणसांका हाक मारतंय—”

“गाठ सोड.”

मला वाटलं त्यांना भ्रम झाला.

“तुमचो पाय—”

“पाय खंय जाता? पयली गाठ सोड. खाणीतली माणसा येतली. ती येवच्या आधी सोड.”

“कित्याक पण?”

“सोड म्हटलंय काय सोडूची,” ते म्हणाले. “इचार करूचो नाय.”

मी वाकले. दोरीवरचा ताण गेला होता, पण पीळ तसाच होता. नखं तुटली. केसांतला आकडा काढून फासात खुपसला. मग दात लावले. तोंडात माती आली, रक्त आलं, ते माझं की त्यांचं मला कळलं नाही. खाणीतून चढणाऱ्या माणसांची ओरड ऐकू येत होती. पहिला फास सुटला. दुसरा सुटेना. मी मोठमोठ्यानं रडत होते आणि आबा डोळे मिटून, दात आवळून, मधेमधे सांगत होते, “घाय करू नको. मागसून ढकल. ओढू नको, ढकल. गाठ ढकलल्यार सुटता.”

ती सुटली. मी दोरी पाइपपासून लांब फेकली, त्याच वेळी पहिला माणूस कडेवर आला.

पाचसहा जणांनी गाडी उचलली. कोणी शीड फाडून पाय बांधला. कोणीतरी विचारलं, “आबानू, झाला काय ह्या?”

“दोरी सोडूक इसारलंय,” आबा म्हणाले. “म्हातारो झालंय.”

“आणि ही?”

“ता चेडू नुसता वजनाक बसलेला. दोरी माज्याकडे होती.”

मी तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं.

पाय वाचला, पण गुडघा कायमचा ताठ झाला. शशी रत्नागिरीहून आला तो रागानं लाल होऊन. हॉस्पिटलच्या खाटेशी उभा राहून बापाला बोलला, “चाळीस वर्सां दर्यात काढल्यात नि साधी दोरी सोडूक जमाक नाय? हिचो जीव घेतलो असतात!” मी खाटेच्या पायथ्याशी बसले होते. आबा म्हणाले, “व्हय, चुकलंय.” चौथ्या दिवशी शशी जेवायला बाहेर गेला तेव्हा मी हिय्या केला.

“मी तेंका सांगतंय. माज्यान सोसणा नाय.”

“सांगान काय होतला? म्हाताऱ्याची चूक लोक हसान सोडून देतत. सुनेची चूक सून मरासर काढतत. तुका त्या घरात रवूचा आसा.” मग थोड्या वेळानं म्हणाले, “मासळीच्या पाट्या नव्हत्या गाडीर, ता बरा झाला.”

मी गप्प बसले. मला ते सोयीचं होतं. मी नवऱ्याला भीत होते, गावाला भीत होते, आणि एका म्हाताऱ्या माणसाच्या आडोशाला लपायला मिळालं तर लपले. पण लोकांनी हसून सोडून दिलं नाही. चूक तांडेलाची होती, आणि तांडेलानं दोरी सोडायला विसरणं म्हणजे आमच्या बंदरावर काय असतं ते बाहेरच्याला कळायचं नाही. ज्यांनी त्यांच्या शब्दावर वादळात जीव टाकला होता, ते खलाशी त्यांना पाहून विषय बदलायला लागले. होडी पाण्यात लोटताना पहिला नारळ तांडेलाच्या हातून जायचा, तो दुसऱ्याच्या हाती गेला. पुंडलिक तर रोजच, “तांडेलानू, दोरी सोडल्यात काय?” म्हणतच पडवीत यायचा. आबा हसायचे. मी आत चुलीपाशी मिठाचा डबा हातात घेऊन उभी राहायची.

गाडीच्या पाइपचा त्यांनी परसात पडवळाचा मांडव केला. आणि लंगडत का होईना, बरे झाल्यावर पहिलं काम काय केलं, तर कपड्यांची दोरी घेऊन मला समोर बसवलं.

“ही बघ. हजार मणाचो वारो लागलो तरी हालाची नाय. आणि ह्या टोक ओढलंस—” त्यांनी ओढलं. दोरी पाण्यासारखी सुटून पडली. “बांद.”

मी बांधली. शंभर वेळा बांधली असेल.

सोळा वर्षांनी, श्रावणात, आबा गेले. सकाळी चहा घेतला, मांडवाखाली बसले आणि गेले. दहा वाजता अंगणात तिरडी आली. पुरुष सुंभ घेऊन बांधायला वाकले. पुंडलिकही होता, तोही म्हातारा झाला होता, रडत होता. आणि रडता रडताच, सवयीनं, प्रेमानंसुद्धा असेल, म्हणाला, “आज तरी दोरी सोडल्यान तांडेलान.”

दोनचार जण कसनुसं हसले. शशीही.

मी उंबऱ्यावरून खाली उतरले. बायका म्हणाल्या, गो, खंय जातंस? मी तिरडीपाशी गेले आणि पुंडलिकच्या हातातलं सुंभ घेतलं.

“ती दोरी आबांच्या हातात नव्हतीच,” मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की मला परत म्हणावं लागलं. “दोरी माज्या हातात होती. तेंनी ‘सोड’ म्हटल्यानी. सुटली नाय, कारण मिया बांदलेली. चोरून. भियान. आणि ते पाय मोडून पडलेले आसताना तेंनी माज्याकडसून गाठ सोडून घेतल्यानी, तुमका दिसू नये म्हणान. सोळा वर्सां मी गप रवलंय.”

मी शशीकडे पाहिलं नाही. गुडघ्यावर बसले आणि तिरडी बांधायला घेतली. सुनेनं तिरडी बांधायची नसते, असं मागून कोणीतरी कुजबुजलं. मग शशीचा आवाज आला, “बांदू दे तिका.” पुंडलिकनं दुसऱ्या बाजूनं सुंभ धरलं.

ते सगळे परत आले तेव्हा दुपार टळली होती. शशी विहिरीवर आंघोळ करून ओल्या अंगानं पायरीवर बसला. मी दारात उभी होते. तो माझ्याकडे न बघता मांडवाच्या पाइपांकडे बघत होता.

“थंय मसणात तिरडीची दोरी कापूक कोयतो काढलंय,” तो म्हणाला. “लागाक नाय. एक टोक ओढलंय, सगळी दोरी हातात इली.”

त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

“आबांची गाठ ना ती?”

“व्हय,” मी म्हटलं, आणि सोळा वर्षांत पहिल्यांदा त्याच्यासमोर मोठ्यानं रडले.